साडूच्या नावेची जोडी

“ऋषीऽऽ! सीधी चालव ना गा! घाण्याले जुंपला हायेस का?”

घाटावर उभे राहून मामाजी ओरडत होते आणि मी धरणाच्या मधोमध गोल फिरत होतो. मामाजी म्हणजे माझे सासरे. आवाज असा, की ते इकडे नुसते खाकरले तरी तिकडे वडशाच्या स्टेशनात थांबलेली मालगाडी सुटते. गार्डाला वाटतं, शिट्टी झाली. त्या दिवशी तर ते पोटातून ओरडत होते. पण मी थांबणार कसा? नाव माझ्या हातात होती कुठे? ती आपली फिरतच होती, भोवऱ्यासारखी. एवढी फिरली, की पाण्यात मधोमध खळगा पडला आणि तळाशी बुडालेल्या जुन्या गावातल्या मारुतीला कित्येक वर्षांनी ऊन लागलं. खोटं वाटत असेल तर मारुतीला विचारा.

नावेच्या मागच्या फळीवर दोन इंजिनं होती. एक थोरलं, एक धाकटं. थोरलं नावेला डावीकडे ढकलायचं, धाकटं उजवीकडे ढकलायला बघायचं आणि हरायचं. तीरावर सगळं गाव लोटलेलं. पोळ्याचा दिवस, त्यामुळे सगळे अंघोळी करून, नवे कपडे घालून माझी फजिती बघायला आलेले. एकानं तर तिथल्या तिथे झडतीही, म्हणजे पोळ्याचं गाणंही, जुळवली, “लहान्यासंग मोठा जुंपला, ऋषी पाण्यात गोल घुमलाऽ, हर बोला हर हर महादेऽव!” गाव हसलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आणि त्या हसण्याच्या शेजारीच, आपल्या नावेत, आपल्या जुळ्या इंजिनांजवळ माझा साडू पुंडलिक उभा होता. तो हसत नव्हता. हसला असता तर मी त्याला माफ केलं असतं.

पोळा जवळ आला की अजून मला हे सगळं आठवतं. यंदाही परवा गडचिरोलीला जाळ्याचा धागा आणायला गेलो, तर बाजारात बेगड, मोरक्या, गोंडे, रंगीत माठोट्या टांगलेल्या. लोक बैलांसाठी घेत होते. मी नुसता बघत उभा राहिलो आणि छातीखाली जुनं काहीतरी चुलीसारखं पेटलं. दुकानदार म्हणाला, “काय पायजे भाऊ, बैलाचं का?” मी म्हणालो, “नाई गा, इंजिनाचं.” त्याने मला पाणी प्यायला दिलं. त्याला वाटलं, ऊन लागलं.

आमच्या ढिवरांच्या वस्तीत बैल थोडे आणि नावा फार. मासेमारीची बंदी असते ते पावसाळ्याचे दिवस आम्ही जाळी विणत, नावांच्या फटी डांबराने बुजवत काढतो. ओल्या सुताचा वास, तापल्या डांबराचा वास, आणि घरात बायकोचा, “किती दिवस त्याच जाळ्यात बोटं घालून बसता,” हा आवाज. मग बंदी उठते, पोळा येतो आणि पाणी उघडतं. आमचं धरण म्हणजे बुडालेलं जंगल. पाण्यात अजून सागाची वाळलेली खोडं उभी आहेत, निष्पर्ण, पांढुरकी, वर बगळे बसलेले. त्या खोडांच्या अंगाअंगाने लांबवर सगळ्यांची जाळी लागतात. लहान डोंगे घेऊन लोक तिथेच खोपट्या घालून राहतात. आणि पहाटे एक मोठी नाव निघते, सगळ्यांची मासळी गोळा करत करत घाटावर आणते. घाटावर बर्फाचा टेम्पो उभा असतो. तो सुटायच्या आत मासळी आली तर मासळी, नाहीतर खत.

या नावेच्या रोजच्या चकरेला आम्ही फेरी म्हणतो. आणि फेरीवाला म्हणजे राजा! येताना मासळी आणतो, जाताना तंबाखू, मीठ, गावच्या भानगडी आणि कोणाच्या पोरीचं कुठे जमलं ते घेऊन जातो. लोक खोपटीबाहेर येऊन त्याची वाट बघतात. बायकोची कोणी एवढी वाट बघत नाही. आमच्या मामाजींनी उमरभर फेरी केली. त्यांना मुलगा नाही, दोन मुली. थोरली इंदू मला दिली, धाकटी सिंधू पुंडलिकला. त्या वर्षी बंदीच्या दिवसांत मामाजींनी गुडघ्याला तेल चोळता चोळता सांगून टाकलं, “आता माह्यानं होत नाई. फेरी तुमच्या दोघातल्या एकाले देतो. पोळ्याले पट लावू. नावा पाहीन, मंग सांगीन.”

पट म्हणजे आमच्याकडे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. मामाजींनी तो पाण्यावर लावायचा ठरवला. त्या दिवसापासून मला झोप नाही.

कारण माझ्या नावेला जे इंजिन होतं, त्याला इंजिन म्हणणं हा इंजिनांचा अपमान. दोरी ओढून ओढून माझा उजवा हात डाव्यापेक्षा वीतभर लांब झाला होता, शर्ट शिवताना शिंपी दोन मापं घ्यायचा. ओढा, ओढा, ओढा, मग ते एकदा शिंकायचं, काळा धूर सोडायचं आणि पुन्हा निजायचं. तरी एक दिलासा होता. पुंडलिककडे काय होतं? वल्हं.

मग एक दिवस वडशाहून टेम्पो आला.

पार समुद्राकडून रेल्वेच्या पार्सलात दोन इंजिनं आली होती. समुद्रात दूरवर जाणाऱ्या कोणा मच्छीमाराने आपल्या बोटीला नवी बसवली आणि ही जुनी काढून विकली. जुनी म्हणे! टेम्पोतून उतरवली तेव्हा त्यांच्या टोपणांत ढग दिसत होते. दोन्ही सारखी, एका आईच्या पोटची. पुंडलिक सिरोंचाकडच्या एका ओळखीच्या माणसाला धरून खाली तेलंग्यांच्या मुलखात जाऊन ती निवडून आला होता, कोणाला काही न बोलता. हीच तर त्याची वाईट खोड. माणसाने करायच्या आधी थोडं बोलावं, म्हणजे दुसऱ्याला जळायला वेळ मिळतो.

“दोन कायले गा?” मी विचारलं.

“एक बंद पडलं तं दुसरं घरी आणते, साडभाऊ,” तो म्हणाला. “अन गाडीले कोणी एक बैल जुंपते का?”

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. पळसाच्या पानाने बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावायची आणि त्याला उद्याचं जेवणाचं निमंत्रण द्यायचं. त्या संध्याकाळी सिंधूने काय करावं? पानाने तूप-हळद घेतली आणि दोन्ही इंजिनांच्या खांद्यांना लावली. “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या,” म्हणाली. बायका जमल्या. माझी इंदू पण गेली. तिने एका इंजिनावरून असा हात फिरवला, जसा लग्न झाल्यापासून माझ्या पाठीवरून फिरवला नव्हता. “छान हायत ना वो,” एवढंच म्हणाली. बस. त्या चार शब्दांवर मी आजही भाकर भाजू शकतो.

पण मी पुढे गेलो. खांदशेकणीच्या आधीचं सांगायचं राहिलंच.

हेवा कोणाचा करावा, यालाही रिवाज आहे. भावाचा केला तर लोक नावं ठेवतात. शेजाऱ्याचा केला तर कुंपणावरून भांडण होतं. साडूचा हेवा मात्र घरच्या कणगीतल्या धानासारखा असतो, हक्काचा. दोघांनी एकाच घरातून बायको आणलेली, त्यामुळे माप एकच. तिकडे नवीन पातेलं आलं की इकडे जुन्याला छिद्र पडतं. सासऱ्याने एकाच्या ताटात मरळचा मधला तुकडा वाढला की दुसऱ्याच्या ताटातला कटला कडू लागतो. मी हे शिकून शिकलो नाही. पुंडलिक समोर आला की आपोआप येत गेलं.

तर त्याची जोडी आली आणि दुसऱ्याच दिवशी मीही निघालो. इंजिन आणणार तर जोडीनेच आणणार! व्यापाऱ्याचा पत्ता कोणी दिला? पुंडलिकनेच दिला. मागितला नव्हता, त्याने आपणहून कागदावर लिहून दिला. मी त्याच्यासमोर तो चुरगाळून फेकला आणि वळणावर जाऊन परत उचलून आणला.

समुद्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आणि खरं सांगतो, मला समुद्राचाही हेवा वाटला. एवढं पाणी, आणि कोणालाही फेरीसाठी पट लावावा लागत नाही. बंदरात एक लांबलचक बोट काठाला लागलेली होती. ती आत खोल पाण्यात जायची. तिचा मालक, खांद्यावर टॉवेल टाकलेला काळाशार माणूस, आपल्या बोटीसाठी नवी इंजिनं निवडत होता. व्यापारी सांगत होता, हे पेट्रोल कमी पिते, ते वजनाला हलकं, याचे सुटे भाग कुठेही मिळतात, त्याचा आवाज असा की शेजारी माणूस बोललेला ऐकू येतो. मालक म्हणाला, आवाज नको, माझी बायको फोनवर असते. सगळे हसले. मी त्याचाही हेवा केला. खोल पाण्यात जायचं, आणि बायको फोनवर वाट बघते!

मग माझी पाळी आली. व्यापाऱ्याने मोडक्या हिंदीत विचारलं, “बोट कितना बड़ा?”

आता माझी नाव म्हणजे सागाच्या फळ्यांची, खाली पत्रा मारलेली, दोन बकऱ्या आडव्या उभ्या केल्या तर तिसरीने पोहत यावं अशी. पण त्या बोटीशेजारी उभं राहून हे तोंडातून निघेना. मी समोरच्या बोटीकडे हात केला. “इससे थोडी छोटी.”

“पीछे का पाटी कितना ऊँचा?”

मी छातीवर हात ठेवला.

“समुद्र में कितना दूर जाते?”

“जिधर किनारा नहीं दिखता, उधर तक.”

त्याने माझ्या पायातल्या चपलांकडे पाहिलं. “कौन सा समुद्र है आपके उधर?”

“गडचिरोली का,” मी म्हणालो. यात खोटं काही नाही. नकाशात अजून उतरला नसेल.

मग मी इंजिनं निवडली, आमच्या पद्धतीने. पोंभुर्ण्याच्या बाजूला माझा एक मित्र पटाचे बैल पाळतो, त्याच्यासोबत मी बाजारात बैल पाहिलेले. टोपण उघडून दात पाहिले. पाठीवर थाप मारली. पंख्याची पाती खुरासारखी दाबून पाहिली. पिंपातल्या पाण्यात चालू करून मुततं का ते पाहिलं. हसू नका. इंजिन गार राहायला पोटातून पाणी फिरवतं आणि मागून बारीक धार सोडतं. धार नाही तर जनावर आजारी. यात मी चुकलो नाही. थोरलं निवडलं ते पंधरा घोड्यांचं, लांब पायाचं, उंच बोटीवर बसणारं. काय त्याची ती धार! तसलंच दुसरं घ्यायला पदरी पैसा नव्हता, म्हणून जोडीला आठ घोड्यांचं धाकटं घेतलं. व्यापारी म्हणाला, “जोड़ी एक जैसा लो.” मी म्हणालो, आमच्या गावात कोणती जोडी एकसारखी असते? माझ्या घरचीच बघा.

पुंडलिकच्या दोन इंजिनांचे घोडे मिळून किती, हे मी येताना सगळ्या वाटेने मोजत आलो. माझे जास्त भरत होते. मी रेल्वेत अनोळखी बाईला ते सांगितलं. तिने तोंडावर पदर ओढला आणि निजली.

आणि मग पोळा. तोरण बांधलं, बैल पूजले, नावांना हळद लागली, पाण्याकाठी गाव जमलं. घाटावरून निघायचं, पाण्यातल्या सगळ्यात उंच वाळक्या सागाला वळसा घालून परत यायचं, असं मामाजींनी ठरवलं. पट सुटायच्या आधी जरा चालवून बघावी म्हणून मी दोन्ही इंजिनांच्या दोऱ्या ओढल्या, दोन्ही पहिल्या ओढीला बोलली, छाती फुगली. आणि मग ते झालं जे सुरुवातीला सांगितलं. गोल, गोल, गोल. शेवटी मी दोन्ही बंद केली आणि वल्हं मारत काठाला लागलो.

कोणी हसलं, कोणी शिट्टी मारली. आणि गुडघाभर पाण्यात उतरून कोण आलं? पुंडलिक. नवं धोतर भिजलं त्याचं.

“साडभाऊ,” हळूच म्हणाला, दुसऱ्याला ऐकू जाऊ नये असा. “जोडी कमीजास्त असली तं जू कसं बांधता गा तुमी? कमजोराच्या अंगाले लांब ठेवता ना? म्हणजे त्याचाबी जोर पडते. तसंच करा. लहान्याले पार कडेले सरकवा, मोठ्याले मधात घ्या.”

“माहीत हाय मले,” मी म्हणालो.

“हाय ना. म्हणूनच म्हणलो.”

आणि त्याने स्वतः हाताने पेच सैल केले, धाकट्याला पार कडेला नेलं, थोरल्याला मध्याजवळ आणलं. त्याच्या हाताला तुपा-हळदीचा वास येत होता. तो वास मला अजून येतो, कुठेही, बसमध्येसुद्धा. माणसाने आपल्याला पाडलं तर उठता येतं. हा मला पाण्यातून वर काढत होता, सगळ्या गावासमोर, माझ्या बायकोसमोर, आणि वर मोठेपणही मलाच देत होता. याच्यावर औषध काय?

पट सुटला. आणि काय सांगू, माझी नाव सुईसारखी सरळ गेली! पाणी फाटलं. बगळे उडाले ते थेट चंद्रपूरला उतरले. मी पुंडलिकच्या पुढे होतो, हो, पुढे होतो, अर्धं पाणी पुढे होतो. मागे वळून पाहिलं तर तो लहान दिसत होता, आणि तेवढ्यासाठी मी मागे वळून पाहत राहिलो. तेवढ्यात, खटाक्! थोरल्याचा लांब पाय पाण्याखालच्या खुंटाला लागला. पंख्याची खिळी तुटली. ती तुटायलाच केलेली असते, म्हणजे आतलं यंत्र वाचतं, पण हे तेव्हा कोणाला समजावणार? थोरलं नुसतं ओरडत राहिलं, नाव जागची हलेना. मग धाकट्यावर, कडेला बसलेल्या त्या आठ घोड्यांवर, दुसऱ्या बाजूने वल्हं मारत मारत मी त्या सागाला वळसा घातला आणि आलो. पुंडलिक केव्हाच पोचला होता. आपल्या जोडीला पाण्यातून वर उचलून, फडक्याने पुसत बसला होता. मामाजी बिडी ओढत होते. कोणाकडेच पाहत नव्हते.

रात्रभर इंदू भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि मी आढ्याकडे. आम्ही दोघेही जागे आहोत हे दोघांनाही माहीत होतं.

सकाळी मामाजी दारात आले. काठी टेकवून उभे राहिले. “उद्यापासून फेरी तुही, ऋषी,” म्हणाले आणि गेले. चहालाही थांबले नाहीत.

तो हंगाम! मागच्या फळीवर सागाचा तुकडा ठोकून थोरल्याला उंच बसवलं, म्हणजे लांब पाय खुंटांच्या वर राहिला. पहाटे निघायचो. धुकं असं, की हाताने बाजूला करावं लागे. धुक्यातून एकेक खोपटी पुढे यायची, शेकोटीचा धूर, “आला आला, राजा आला,” म्हणून हाका, टोपल्यांत रोहू, वाम, झिंगे, कोणाकडे हातभर मरळ, अजून तडफडणारी. ओल्या नायलॉनने कापलेली बोटं, पेट्रोल आणि मासळीचा मिळून एक वास, जो घरी इंदूला आवडत नसे आणि मला अत्तर वाटे. मी राजा होतो. घाटावर टेम्पोवाला माझ्यासाठी थांबे. पारावर मी लोकांना समजावून सांगायचो, मामाजींनी मलाच का निवडलं. नुसता वेग काय कामाचा? एक इंजिन मेलेलं, आणि दुसऱ्यावर नाव घरी आणली, ते पाहिलं त्या म्हाताऱ्याने. फेरीला असाच माणूस लागतो. सांगता सांगता खुंट मोठा होत गेला. हंगाम संपेपर्यंत तो खुंट नव्हता, मगर होती.

फक्त पुंडलिकच्या जाळ्यापाशी पोचलो की राजाची ऐट उतरे. तो आपल्या जोडीवर झूल टाकून खोपटीत बसलेला असायचा. सिंधू म्हणायची, “भाऊजी, चहा घ्या ना.” पुंडलिक टोपली उचलून द्यायचा. “राम राम साडभाऊ.” ना जळणं, ना रुसणं, ना डोळ्यांत कुठे काही. मी त्याच्या चेहऱ्यावर हेवा शोधायचो, जसा माणूस उन्हाळ्यात झरा शोधतो. एक थेंब नाही. फेरी माझी, टेम्पो माझ्यासाठी थांबे, गाव माझी वाट बघे, आणि तरी त्या खोपटीसमोरून निघालो की मलाच वाटे, काहीतरी त्याच्याकडे राहिलं.

असा हंगाम सरला, पुन्हा बंदी लागली, पुन्हा डांबर तापलं. एक दिवस मामाजींच्या अंगणात गेलो. ते जाळं सांधत बसले होते, दाताखाली धागा धरून. मी जवळ बसलो. थोडं इकडचं तिकडचं बोललो. मग राहवलं नाही. मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, शेजारपाजारी ऐकू जाईल असं.

“मामाजी, पटात तं मी हारलो. तरी फेरी मलेच देल्ली तुमी. माह्यात असं काय पाह्यलं गा?”

मामाजींनी धागा तोडला, गाठ ओढून पाहिली.

“पुंडलिक नाई म्हणला,” ते म्हणाले.